शेजार प्रयोगशाळेचा

मराठीच्या प्राध्यापकाने प्रयोगशाळेविषयी लिहावे म्हणजे आजन्म ब्रह्मचाऱ्याने बारशाचा थाट वर्णावा, असे काही वाचकांना वाटेल. वाटू द्यावे. शेजारच्या घरात काय शिजते आहे हे त्या घरच्या मंडळींच्या अगोदर शेजाऱ्याच्या नाकाला कळते. आणि गेली वीस वर्षे नांदेडच्या एका महाविद्यालयात ज्या खोलीत मी मराठी शिकवतो, तिच्या भिंतीपलीकडे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे. मधल्या भिंतीला छताजवळ एक झरोका आहे. तो कोणी आणि कशासाठी ठेवला ते बांधणाऱ्यालाच माहीत; पण त्या झरोक्यातून आमच्या दोन शास्त्रांचा व्यवहार अखंड चालू असतो. इकडून तिकडे ओव्या जातात. तिकडून इकडे काय येते, ते आता सांगतो.

एका पावसाळी दुपारी मी ज्ञानेश्वरांची विराणी शिकवत होतो. ती व्याकुळ नायिका वर्गात उभी करायला मला अर्धा तास लागला होता. मुली डोळे खाली घालून बसल्या होत्या, मुलगेही चक्क गप्प होते. आणि नेमक्या त्याच घटकेला झरोक्यातून कुजक्या अंड्यांचा एक लोट आत आला. क्षणभर कोणी काही बोलेना. मग एकेक रुमाल, एकेक ओढणी नाकाशी गेली, आणि शेवटच्या बाकावरून एक अत्यंत गंभीर आवाज आला, "सर, या बाईंना अगोदर डॉक्टरकडं न्यायला पाहिजे."

तास तिथेच संपला. मी रागारागाने शेजारी गेलो, तर आमचे रसायनशास्त्राचे सहकारी एका तीन मजली काचेच्या भांड्यासमोर हात बांधून प्रसन्न मुद्रेने उभे. त्या भांड्याला किपचे उपकरण म्हणतात. हॉलंडातल्या पीट्रस किप नावाच्या एका औषधविक्रेत्याने ते एकोणिसाव्या शतकात तयार केले. मधल्या गोळ्यात आयर्न सल्फाइडचे काळे खडे, वरच्या गोळ्यात सौम्य आम्ल. तोटी उघडली की आम्ल खालून चढून खड्यांपर्यंत पोहोचते आणि हायड्रोजन सल्फाइड वायू निघू लागतो. तोटी बंद केली की अडकलेला वायूच आम्लाला मागे रेटतो आणि सगळे आपोआप थांबते. अशी शहाणी व्यवस्था माणसांच्या संस्थांतदेखील क्वचित आढळते! क्षारांचे पृथक्करण करताना कोणता धातू दडला आहे हे ओळखायला हा वायू लागतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विज्ञानाच्या मुलांनी हा वास अंगाखांद्यावर वागवला.

माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, "वास येतोय ना? मग चिडा खुशाल. ज्या दिवशी भरभरून येणारा हा वास एकाएकी येईनासा होईल, त्या दिवशी मात्र चिडत बसू नका, मुलांना घेऊन पळा."

हे विनोदाने बोललेले नव्हते. या वायूचे प्रमाण वाढले की तो अगोदर नाकच बधिर करतो. माणसाला वाटते, चला, गेला वास. आणि वायू तर तिथेच असतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून खोलगट जागी साचतो. गटारात, मैल्याच्या टाकीत उतरलेली माणसे एकापाठोपाठ एक गतप्राण होतात, एकाला काढायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, त्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हाच वायू असतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवू नये असा कायदा २०१३ साली झाला. बातम्या थांबलेल्या नाहीत. त्या दिवसानंतर मी झरोक्याविषयी तक्रार केली नाही. फक्त विराण्यांचे वेळापत्रक रसायनाच्या प्रात्यक्षिकांशी ताडून पाहू लागलो.

आमच्या भागात या आम्लांना नावे तरी किती! माझे आजोबा नांदेडला निजामाच्या अमदानीत उर्दूतून शिकले. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले ते उर्दू माध्यमाचेच, आणि त्यासाठी विज्ञानाची पुस्तके उर्दूत उतरवणारे स्वतंत्र खाते हैदराबादेत होते. तेव्हा आजोबांच्या तोंडी गंधकाचे तेजाब, शोऱ्याचे तेजाब, मिठाचे तेजाब असे खमंग शब्द असत. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, पुढे १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले, भाषावार प्रांत झाले, आणि वडिलांच्या पिढीने त्याच बाटलीला गंधकाम्ल म्हटले. मी शाळेत गेलो तेव्हा ते सल्फ्युरिक आम्ल झाले होते. माझी कन्या आता अकरावीत आहे. ती नुसते "एच टू एस ओ फोर" म्हणते. चार पिढ्यांत चार नावे झाली, पण त्याचा स्वभाव तसूभर बदलला नाही. आजोबा सांगत, त्यांचे मौलवीसाहेब छडी उगारून विचारत, "पानी में तेजाब, या तेजाब में पानी?" आणि सगळा वर्ग ओरडे, "पानी में तेजाब!"

यातले मर्म आमच्या सहकाऱ्यांनी मला एकदा उलगडून सांगितले. तीव्र गंधकाम्ल पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन-दोन पट जड. पाण्यात ते हळूहळू ओतले तर खाली बुडते, पाणी भरपूर असते, उष्णता विभागली जाते. उलट आम्लात पाणी ओतले तर हलके पाणी वरच राहते, तिथल्या तिथे उकळते आणि उसळताना आम्लाचे थेंब घेऊन तोंडावर येते. मौलवीसाहेबांनी हे एवढे सांगितले होते की नाही, कोण जाणे. छडीमुळे आजोबांच्या वर्गातले सगळे डोळे मात्र शाबूत राहिले.

तोंडाचा विषय निघाला म्हणून पिपेटची हकिगत सांगतो. पिपेट ही काचेची नळी. हल्ली तिला रबराचा फुगा लावतात. माझ्या बारावीपर्यंत, म्हणजे १९९९ पर्यंत, लातुरात आम्ही ती तोंडानेच ओढत असू. (होय, बारावीपर्यंत मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो. पुढे मराठीकडे वळलो तेव्हा घरात तीन दिवस सुतकी शांतता होती.) प्रयोग पोटॅशियम परमँगनेटचा. ते जांभळे द्रावण ब्युरेटमध्ये भरायचे आणि बिनरंगी ऑक्झॅलिक आम्ल पिपेटने मोजून घ्यायचे. आमच्यातल्या एका विदुषीने घाईत पिपेट जांभळ्या चंचुपात्रात बुडवली आणि लहान मूल शहाळे पिते तशी निष्ठेने ओढली. तिने तत्काळ थुंकले. पण जिभेपासून हनुवटीपर्यंत सगळे जांभळे, आणि पाहता पाहता तपकिरी. ती रडू लागली. मॅडम घाबरल्या. अशा वेळी प्रयोगशाळेत ज्या एकाच माणसाला काय करायचे ते ठाऊक असते तो पुढे झाला, म्हणजे शिपाईमामा. त्यांनी तिला भरपूर चुळा भरायला लावल्या आणि कँटीनमधून अर्धे लिंबू आणून दिले. "चोळ माय, वरच्यावर चोळ. गिळू नको." डाग विरत गेला. लिंबाच्या रसाने त्या तपकिरी मँगनीजचा रंग जातो, हे मॅडमनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर समीकरण मांडून समजावले. मामांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. ती मुलगी आज दंतवैद्य आहे, हे खरे असूनही कोणी मानत नाही.

मामांच्या आणखीही पुष्कळ कर्तबगारी होत्या. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कोणाला कोणता क्षार येणार हे ते ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्या ओळखीचा भाव ठरलेला होता असेही मुले म्हणत. मी तो कधी विचारला नाही. माझा क्षार नवसागर होता आणि त्याने स्वतःच आपले नाव सांगितले.

प्राणिशास्त्राची तऱ्हा निराळी. तिथे वस्तू तुमच्याकडे पाहत असते. आमचे प्राणिशास्त्राचे सहकारी नोकरीला नवे नवे लागले तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी संग्रहासाठी मुलांना सहज सांगत, "शेतात मेलेला साप सापडला तर आणा बरे." मुदखेडकडून येणाऱ्या एका आज्ञाधारक मुलाने एका सोमवारी डालड्याचा डबा आणून टेबलावर ठेवला. झाकण उघडले, आणि मेलेला म्हणून आणलेला जो ऐवज होता तो डब्याबाहेर अर्धा हात उभा राहिला. वर्गातली तीस मुले कोणत्या क्षणी बाकांवर चढली ते कोणालाच आठवत नाही. प्राध्यापक महाशयही मधल्या टेबलावर होते. तिथून ते सगळ्यांना धीर देत होते, "घाबरू नका! टायास म्युकोसा आहे! धामण आहे! बिनविषारी आहे!" लॅटिन नाव अगदी बिनचूक. मग तुम्ही वर का, असे विचारण्याचे धैर्य मात्र एकाही विद्यार्थ्याला झाले नाही. धामण निवांतपणे सरपटत कोपऱ्यातल्या सांगाड्याच्या पावलांमधून कपाटामागे गेली आणि तिथे दोन दिवस राहिली. शेवटी पोत्यात घालून तिला असनाच्या बाजूला सोडून आले.

आता हे चालणार नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा आहे. त्याची आठवण प्रयोगशाळांना उशिरा झाली इतकेच. बेडकांचेही तसेच. मेणाच्या ताटलीत चारी पाय टाचून ठेवलेला, क्लोरोफॉर्म कमी पडल्यामुळे मध्येच जागा झालेला बेडूक ही कैक डॉक्टरांची पहिली भयकथा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली पदवीच्या वर्गांतली विच्छेदने बंद केली. मला व्यक्तिशः बरे वाटले. सहकाऱ्यांना वाईट वाटले. हृदय पुस्तकात धडधडत नाही, असे त्यांचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी अजून ठाम आहोत.

शाळेतला सोडियमचा प्रसंग तर आमच्या तुकडीच्या संमेलनात दरवेळी निघतो. सोडियम हा धातू मेणासारखा मऊ, सुरीने कापता येतो, आणि पाणी लागले की पेट घेतो; म्हणून रॉकेलात बुडवून ठेवतात. नववीत असताना आमच्या एका मित्राला तो फार आवडला. (तो आता एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि इतरांच्या ठेवी सांभाळतो, तेव्हा नाव राहू द्या.) त्याने हरभऱ्याएवढा तुकडा टीपकागदात गुंडाळून चड्डीच्या खिशात ठेवला. दिवस श्रावणाचे. त्याच खिशात ओला रुमाल. शाळा सुटताना राष्ट्रगीताला आम्ही रांगेत सावधान उभे, आणि याच्या खिशातून धूर. राष्ट्रगीत बावन्न सेकंदांचे. तो पठ्ठ्या हलला नाही! चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, ओठांवर गीत. शेवटचा "जय हे" संपताच त्याने जी किंकाळी फोडली, ती ऐकून दोन मुले पाण्याची बादली घेऊन धावली. तेवढ्यात आमचे विज्ञानाचे सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडत आले, "पाणी नको! पाणी नको! चड्डी काढा!" सगळ्या शाळेसमोर, मुलींच्या रांगांसमोर, ती काढली गेली. सरांनी लाल बादलीतली वाळू तिच्यावर ओतली. मांडीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग राहिला. सरांनी त्याला मारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यालाच पुढे बोलावून सोडियम रॉकेलात का ठेवतात हे वर्गाला सांगायला लावले. असे जिवंत व्याख्यान मी पुन्हा ऐकले नाही.

हसू येते, कारण डाग रुपयाएवढाच पडला. सगळ्यांचे असे होत नाही. ज्यांच्या नावाचा बर्नर प्रत्येक प्रयोगशाळेत जळतो त्या बुन्सेनसाहेबांचा एक डोळा प्रयोगातल्या स्फोटात गेला होता. आणि आपल्या मुंबईतच घडलेली हाफकिनची कथा तर एखाद्या कादंबरीकाराला सुचू नये अशी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत कामाला लागले. तीन महिन्यांत लस तयार झाली. आता ती टोचायची कोणाला? १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना देण्याच्या मात्रेपेक्षा मोठी. ताप चढला, अंग दुखले, तरी काम सोडले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर ती वापरून पाहिली गेली.

पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. सगळी एकाच बाटलीतली लस टोचलेली. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. मागाहून जे निष्पन्न झाले ते एवढेच, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. एका चिमट्यामागे १९ माणसे आणि एका थोर शास्त्रज्ञाची पाच वर्षे! हे वाचल्यापासून "चिमटा पडला तर उचलून पुसू नका, मला सांगा" असे भिंतीपलीकडून ऐकू आले की मी खडू थांबवतो.

चिमट्यावरूनच मला आमच्या त्या सरांची दुसरी आठवण येते. तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

३० सप्टेंबर १९९३. मी सातवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, गाव दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. केंद्र किल्लारीजवळ, आमच्या लातूर शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. तिकडे घरांची ढेकळे होऊन हजारो माणसे त्यांच्याखाली गेली, हे आम्हांला उजाडल्यावर कळायचे होते. त्या वेळी एवढेच कळले, की फडताळातली भांडी खाली आली आणि आई आम्हा भावंडांना ओढत बाहेर घेऊन आली. वीज गेली होती. सगळी गल्ली शाळेच्या मैदानात जमली. कोणी रामनाम घेत होते, कोणी नुसतेच उभे होते. आत जायचे नाव कोणी काढीना.

आमचे सर शाळेच्या मागच्या बाजूलाच राहत. ते बायको-मुलांना मैदानात बसवून सरळ इमारतीकडे निघाले. लोक ओरडले, "सर, कुठं निघालाव? पुन्हा हादरा बसंल!" सर म्हणाले, "प्रयोगशाळेत फॉस्फरस आहे." हा शब्द मैदानातल्या शंभर माणसांत बहुधा कोणालाच कळला नाही. कोणीतरी कंदील पुढे केला. सरांनी तो घेतला नाही. उलट मोठ्याने बजावले, की या बाजूला कोणी काडी ओढू नका, विडी पेटवू नका, आत स्पिरिटच्या बाटल्या फुटलेल्या असणार. शेजारच्या दुकानदाराची बॅटरी त्यांनी मागून घेतली. मुख्याध्यापकांचे घर दूर, किल्ली शिपाईकाकांकडे. काका चावी द्यायला गेले आणि सरांबरोबर आतच गेले.

आम्ही पोरे खिडकीपासून लांब उभी. आतून काचांचा चुरा पायाखाली करकरल्याचा आवाज, स्पिरिटचा वास, आणि बॅटरीचा उजेड इकडून तिकडे. मग उजेड गेला. सरांनी बॅटरी मुद्दाम विझवली होती, हे त्यांनी आम्हांला पुढे वर्गात सांगितले. पिवळट पांढरा फॉस्फरस हवेत मंद प्रकाशतो. अंधारातच तो शोधायला सोपा. तो नेहमी पाण्यात बुडवून ठेवावा लागतो, कारण तीस-पस्तीस अंश उष्णतेला तो आपोआप पेटतो. बाटली आडवी पडून तडकली होती, पाणी कपाटाखाली वाहून गेले होते, आणि दोन कांड्या फरशीवर पांढरा धूर सोडत पडल्या होत्या. पहाटेच्या गारव्याने त्या तोवर पेटल्या नव्हत्या. दोन हातांवर स्पिरिट सांडलेले. सूर्य वर येऊन पत्रे तापले असते तर काय झाले असते, ते मैदानात बसलेल्या आम्हा सगळ्यांना शाळेच्या ज्वाळांवरूनच कळले असते.

सरांनी लांब चिमट्याने त्या कांड्या एकेक करून पिण्याच्या पाण्याच्या माठात टाकल्या. त्याच वेळी धरणी पुन्हा जराशी हलली. मैदानातून किंकाळ्या उठल्या. आतून मात्र शिपाईकाकांचा आवाज आला, "सर, माठ मी धरलाय. तुम्ही टाका."

दोघे माठ घेऊन बाहेर आले तेव्हा तांबडे फुटत होते. माठ भिंतीच्या सावलीत ठेवला, त्यावर पाटी झाकली, आणि काकांना तिथेच बसवले. सरांच्या हातांना लसणाचा उग्र वास येत होता. मला वाटले, सर स्वयंपाकघरातून आले की काय! फॉस्फरसचा वास तसाच असतो, हे मला फार उशिरा कळले. सकाळी किल्लारीच्या बातम्या येऊ लागल्या. दुपारी गावातून एक ट्रक मदतीला निघाला, त्यात सर होते. प्रयोगशाळेच्या प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस, पट्ट्या आणि टिंक्चर आयोडीन त्यांनी पिशवीत घेतले होते. चार दिवसांनी परतले. तिकडे काय पाहिले ते त्यांनी आम्हांला कधी सांगितले नाही. प्रयोगशाळेच्या कपाटांना त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वखर्चाने लाकडी पट्ट्या ठोकून घेतल्या, बाटल्या पुन्हा घसरू नयेत म्हणून.

हल्ली लातूरला जातो तेव्हा ट्यूशन एरियातून चालताना मला माझेच गाव परके वाटते. मी लातूर पॅटर्नची टिंगल करणाऱ्यांतला नाही. कोरडवाहू शेतकऱ्यांची, शिक्षक-कारकुनांची हजारो मुले या शिस्तीने डॉक्टर-इंजिनियर झाली. पुण्या-मुंबईच्या मंडळींना आमच्या भागाकडे मान वळवून पाहावे लागले. नांदेडही आता त्याच वाटेने गेले आहे. भाग्यनगर-बाबानगरच्या पाट्या वाचत चालले तर वर्तमानपत्र वाचायला नको. पण या सगळ्या गर्दीत प्रयोगशाळेला कुलूप लागले. बोर्डाच्या परीक्षेत विज्ञानाच्या विषयाला लेखी सत्तर आणि प्रात्यक्षिकाला तीस गुण आहेत. ते तीस मिळतातच, असे सगळे धरून चालतात, आणि ते मिळतातही. डॉक्टरकीच्या 'नीट'ला त्यांची गरज नाही. गंमत अशी, की २०२४ पासून त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात प्रयोगकौशल्यावर स्वतंत्र प्रकरण आले आहे. ते प्रयोगही चार पर्यायांतून एक निवडून करायचे.

आमच्या कन्येचे जर्नल मी परवा चाळले. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाकर्षण तंतोतंत ९.८. तिच्या मैत्रिणींचेही ९.८. आमच्या वेळी हेच गुरुत्वाकर्षण नऊपासून अकरापर्यंत कुठेही भटकत असे, एकदा तर पंख्याच्या वाऱ्याने तेरा झाले होते, आणि सर ते कापून परत मोजायला लावीत. मी कन्येला विचारले, लंबक केवढा होता गं? तिने माझ्याकडे दयाबुद्धीने पाहिले. "बाबा, सगळ्यांचं एकच रीडिंग असतं. ग्रुपवर येतं."

या गोष्टीचे मला बरे वाटत नाही, आणि त्याचे कारण विज्ञानाच्या भल्याचे नाही. ते विज्ञानवाल्यांनी पाहावे. उद्या हीच मुले कोणाच्या तरी शिरेत सुई घालणार आहेत. पडलेला चिमटा पुन्हा उचलावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या हाताला कधी पडलेलाच नसेल, तर तो पहिल्यांदा कोणाच्या खाटेपाशी पडेल?

भिंतीपलीकडचे माझे सहकारी गेल्या मार्चमध्ये निवृत्त झाले. सामानाची आवराआवर चालली होती तेव्हा त्यांनी मला ब्रेकेजची वही दाखवली. कोणी काय फोडले आणि किती दंड भरला, याची नोंद. जुन्या वर्षांची पाने गच्च: परीक्षानळ्या, चंचुपात्रे, दोन थर्मामीटर, एक संपूर्ण ब्युरेट, समोर सह्या, कुठे आम्लाच्या थेंबाने पडलेले भोक. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षीदेखील इकडे एक पान भरलेले होते. त्या टंचाईत नळ्या धुवायला मुले घरून बाटलीत पाणी आणत, असे त्यांनी सांगितले. पुढे पाने विरळ होत गेली. काही वर्षी तर नुसतेच शीर्षक आणि तारीख.

शेवटच्या पानावर एकच नोंद होती. परीक्षानळी, एक. बी.एस्सी. पहिल्या वर्षाच्या एका मुलीचे नाव. कारण: 'गरम करताना तडकली.' दंडाचा रकाना कोरा. मी बोट ठेवून विचारले, हे राहिले का?

"राहिलं नाही," ते म्हणाले. "मी घेतला नाही." आणि कपाटातून एक कोरी वही काढून नव्या मॅडमसाठी तिच्यावर पुढच्या वर्षाचे शीर्षक घालू लागले.